ते जेवत होते हो!

घरी येऊन आंघोळ झाली, पोहे खाऊन झाले, तरी डोकं शांत होत नाहीये, म्हणून लिहितेय.

सकाळी आम्ही २२ जण ठाणे खाडीकाठच्या भांडुप पंपिंग स्टेशनला पक्षी बघायला गेलो होतो. ओहोटी लागलेली. काठाजवळच्या चिखलात रोहितांचा, म्हणजे आपल्या फ्लेमिंगोंचा थवा, सगळ्यांच्या माना खाली. हा पक्षी डोकं उलटं करून खातो. पाणी चोचीत ओढायचं, जिभेने बाहेर ढकलायचं, चोचीच्या कडेला असलेल्या चाळणीत शेवाळ अडकवायचं. मी दुर्बिणीतून बघतच राहिले. तेवढ्यात आमच्यातल्याच एका काकांनी ढेकूळ उचललं आणि भिरकावलं. का, तर 'फ्लाइट शॉट' हवा! पंख उघडले की लाल-काळा रंग दिसतो ना. सगळा थवा उठला.

मला आमची लालबागची खोली आठवली. बाबा गिरणीतून रातपाळी करून यायचे आणि जेवायला बसायचे. एकदा नेमका तेव्हाच मालकाचा माणूस भाड्यासाठी दारात. तीन महिन्यांचं थकलेलं. आई हातात पळी घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. "जेवतायत. थांबा." बस्स. तो माणूस गॅलरीत उभा राहिला, बाबांनी ताक-भातसुद्धा सावकाश संपवला.

भरल्या ताटावरून कुणाला उठवू नये, हे आपल्याकडे शिकवावं लागतं का? आणि यांचं ताट तर खाडी वाढणार तेव्हा. भरती आली की चिखल पाण्याखाली, जेवण बंद. पुढे कच्छच्या रणापर्यंत उडत जायचंय, ते काय आपल्या लाइक्सवर?

हो, माहितीये, फोटो बघूनच लोकांना ही खाडी कळली, नाहीतर ट्रेनमधून नाक दाबायचो आपण. २०१५ला अभयारण्य झालं, २०२२ला रामसरच्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. मान्य. कुणी म्हणेल, भराव टाकणाऱ्यांवर बोला आधी. बोलतेच की! पण भराव टाकणारे गळ्यात दुर्बीण अडकवून स्वतःला पक्षीप्रेमी म्हणवत नाहीत.

आता जरा राग उतरलाय तर खरं सांगते. ते काका वाईट नाहीत. साठीच्या पुढचे, सगळ्यांसाठी थर्मास भरून आल्याचा चहा आणला होता. शेकाट्या आणि तुतवार या पक्ष्यांतला फरक मला त्यांनीच दाखवला, तोही न कंटाळता दोनदा. म्हणूनच तर मी गप्प बसले. बाकीचे २० जणही गप्प. दोघांनी तर कॅमेरे वर केले.

आईवर तीन महिन्यांचं भाडं होतं, तरी ती बोलली. मी अर्धा कप चहा प्यायले होते.

आत्ताच ग्रुपवर तो फोटो आलाय. सुंदर आलाय, तेच तर. खाली अंगठे, हृदयं, 'वाह काका'. मी दोनदा टाइप करून खोडलं. बघते, संध्याकाळी फोनच करते त्यांना.