या रविवारी फोडणीला काय?

शनिवारी रात्री साडेदहाला आमच्या घरात तीन आवाज येतात. किचनमधल्या फिल्टरचा, सासूबाईंच्या टॅबवरच्या कीर्तनाचा, आणि माझा, "अगं बाई, उद्या रविवार!" असा. कारण रविवारी सकाळी माझं न्यूजलेटर जातं. म्हणजे जायला हवं असं मीच ठरवलंय, दुसऱ्या कोणी मागितलेलं नाहीये.

मागच्या दिवाळीत बोनसच्या भरात मी हे सुरू केलं आणि नाव ठेवलं 'फोडणी'. साध्या वरणाला फोडणीने जशी चव येते तशी रोजच्या जगण्याला वगैरे वगैरे असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. पहिल्याच अंकात शेवटी लिहून बसले, "दर रविवारी भेटूच." नुसतं 'भेटू' लिहिलं असतं तरी चाललं असतं, तो च नडला.

सध्या वाचक 71 आहेत. त्यातले 26 नातेवाईक, 14 सोसायटीतले, 9 ऑफिसचे, 11 जण नाव वाचून रेसिपी मिळतील म्हणून आलेले, एक मी स्वतः (मेल नीट जातो का बघायला), आणि एक कुठल्यातरी पंप कंपनीचा 'इन्फो' नावाचा पत्ता, जो दर रविवारी न चुकता मेल उघडतो. तो कोण आहे मला माहीत नाही पण माझा सगळ्यात निष्ठावान वाचक तोच. उरलेले 9 अनोळखी. खरं सांगायचं तर मी लिहिते त्या 9 जणांसाठी आणि घाबरते बाकीच्यांना.

विषय नाहीत असं नाहीये हो. विषय बुधवारी येतात, ते पण लोकलमध्ये, एक हात वरच्या कडीला आणि दुसरा पर्सवर असताना. डोंबिवली ते कुर्ला एवढ्यात मला साडेतीन लेख सुचतात, ओळीच्या ओळी, शेवटासकट. मग कुर्ल्याला उतरल्यावर मी ते स्वतःलाच व्हॉट्सॅप करते. शनिवारी रात्री उघडून बघते तर तिथे लिहिलेलं असतं: "निळा डबा – भयंकर!!" किंवा "काकडीवाली बाई = न्याय?" आता ही काकडीवाली कोण, न्याय कोणाला मिळाला, की मिळाला नाही म्हणून प्रश्नचिन्ह? निळ्या डब्याचं तर मी नवऱ्यालाही विचारलं, तो म्हणाला आपल्याकडे निळा डबाच नाहीये. म्हणजे असेल तर भयंकरच.

इंटरनेटवर न्यूजलेटर कसं चालवावं हे सांगणारे लोक पोत्याने आहेत आणि सगळे एकच सांगतात, तुमची 'निश' शोधा, ज्यातलं तुम्हाला कळतं त्यावर लिहा. मला कळतं इन्शुरन्सच्या क्लेम्समधलं. सतरा वर्षं तेच करतेय. जनावरांच्या विम्यात म्हशीच्या कानात एक बिल्ला असतो, नंबर असलेला, आणि म्हैस गेली तर तो बिल्ला दाखवावा लागतो, बिल्ला नाही तर क्लेम नाही, असा साधा नियम. आता हा एक नियम, महाराष्ट्रातल्या म्हशी आणि माणसाची कल्पनाशक्ती एकत्र आली की काय काय होतं यावर मी पंगत बसवून चार तास बोलू शकते. पण लिहिता येत नाही. नोकरी आहे. त्यात ऑफिसचे ते 9 जण, आणि त्या नऊंत साहेब. म्हशी रिटायरमेंटपर्यंत राखून ठेवल्यात.

मग घरातलं लिहावं. तर मुलगी पंधरा वर्षांची आहे आणि तिने सरळ सांगितलंय, माझ्याबद्दल लिहायचं नाही, लिहिलंस तर प्रत्येक उल्लेखाचे दोनशे, जीपे कर. (हे वरचं वाक्य धरून आत्ता चारशे झाले असं ती म्हणतेय. एका वाक्याचे चारशे कसे ते विचारायची माझी हिंमत नाही.)

सासूबाईंबद्दल लिहावं तर त्या वाचक नंबर चार आहेत. नुसत्या वाचत नाहीत, टॅबवर अक्षरं बोराएवढी करून मोठ्याने वाचतात, हॉलमध्ये, मी समोर पोहे खात असताना. एकदा मी फक्त एवढंच लिहिलं होतं की काही घरांमध्ये लोणच्याच्या बरणीला हात लावायचा अधिकार एकाच व्यक्तीला असतो. तिथे त्या थांबल्या. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ही एक व्यक्ती कोण गं?" मी म्हटलं, "आई, ते जनरल आहे." "हो का," म्हणाल्या, आणि पुढे वाचायला लागल्या. त्या दिवशी ताटात लोणचं आलं नाही. मागितलं तर म्हणाल्या, घे की तुझ्या हाताने, अधिकार दिलाय.

सोसायटीचा तर विषयच सोडा. मेमध्ये आमच्याकडे टँकरवरून मीटिंग झाली आणि मला इतका सरसरून विषय मिळाला की मी एका दमात चार हजार शब्द लिहिले. त्यात एक काका होते, आडनाव नाही, मजला नाही, नुसते काका, जे दर वाक्याआधी 'माझा कोणावर आरोप नाही' म्हणतात. आठवड्याभरात तीन वेगवेगळे काका मला लिफ्टमध्ये भेटून म्हणाले की हे बरं केलं नाही तुम्ही. आणि ज्यांच्यावर लिहिलं होतं ते चौथे काका गेटवर थांबवून म्हणाले, "वा! असे नमुने असतात हो प्रत्येक सोसायटीत. माझा कोणावर आरोप नाही."

त्यात परत गंमत अशी की लेखाचा शेवट, जिथे मी सगळ्यांशी जरा गोड बोलले होते, तो बहुतेकांनी वाचलाच नाही. जीमेल 102 केबीच्या पुढचा मेल कापतं आणि खाली पूर्ण मेसेज बघायची एक बारीकशी लिंक ठेवतं. आणि आपलं देवनागरी पडलं खर्चिक. इंग्रजीचं अक्षर एका बाइटमध्ये बसतं, आपल्याला एकेकाला तीन लागतात, काना-मात्रेचे परत वेगळे तीन, नुसता एक 'क्ष' नऊ बाइट खातो. त्यात मेलच्या सजावटीचं वजन. म्हणजे भांडण पोचलं आणि समेट कापला गेला. तेव्हापासून मी गोड बोलायचं असेल तर वरच बोलून घेते.

परवा नवरा म्हणाला एवढं काय डोकं खातेस, एआयला विचार. विचारलं. त्याने दोन सेकंदांत दहा विषय दिले: पहिल्या पावसाचा मृद्गंध, आजीच्या गोधडीची ऊब, चहाचा कप आणि आठवणी, हरवत चाललेलं अंगण… मला क्षणभर भरूनच आलं कारण हे सगळं मी आधीच कुठेतरी वाचलंय, निदान शंभर वेळा. आणि माझ्या आजीने आयुष्यात गोधडी शिवली नाही. ती रमी खेळायची. पैसे लावून. हा खरा विषय आहे, पण मावशीने निक्षून सांगितलंय, आईचं ते तेवढं लिहू नकोस हं.

हे 'लिहू नकोस हं' लक्षात घ्या. मला कोणी काही चांगलं सांगितलं, म्हणजे खरोखर चांगलं, ज्यात पैसे, लग्न, जमीन किंवा निदान एखादी पळून गेलेली मोलकरीण आहे, की शेवटी हे शेपूट येतंच. आणि जे सांगून झाल्यावर लोक म्हणतात "यावर लिही गं तू", ते म्हणजे हमखास त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन.

माणसांचं लिहिता येत नाही म्हणून मी मध्यंतरी अभ्यासाकडे वळले. म्हटलं इतिहासावर लिहू, गेलेली माणसं लिफ्टमध्ये भेटत नाहीत. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' काढलं. पहिला अंक 6 जानेवारी 1832, मुंबईत, एका कॉलमात मराठी आणि शेजारच्या कॉलमात इंग्रजी, आणि सुरुवातीला पंधरा दिवसांनी एकदा. पंधरा दिवसांनी! मी तिथेच अडकले. मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र, समोर अख्खा समाज न लिहिलेला पडलाय, कोणी आधी काही छापून विषय उष्टे केलेले नाहीत, आणि तरी माणूस पंधरा दिवस घेतो. पुढे ते साप्ताहिक झालं आणि 1840 मध्ये बंदही पडलं. मला उगाच वाटून गेलं की साप्ताहिक केलं तिथेच चुकलं असेल. मग त्यावरून दिवाळी अंकांकडे गेले, 1909 साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा काढला तो पहिला, म्हणजे वर्षातून एकदा, बघा, हे लोक किती शहाणे. असं करत करत रात्रीचा दीड वाजला, माझ्याकडे माहिती भरपूर झाली आणि लेखाची ओळ एकही नाही. समर्थांनी रोज काहीतरी लिहीत जावं असं सांगून ठेवलंय, त्यातल्या 'काहीतरी'चा जरा खुलासा केला असता तर बरं झालं असतं.

मग वाचकांना काय आवडतं ते तरी बघावं म्हणून आकडे उघडले. ही न्यूजलेटरची सिस्टीम मेलमध्ये ठिपक्याएवढं एक चित्र लपवते, तुमच्याकडे ते उघडलं की इकडे नोंद, की वाचलं बुवा. तर एका अंकापुढे मामाचं नाव, 14 वेळा उघडलेलं. मला गहिवरून आलं, लगेच फोन लावला. मामा म्हणाला, "अगं ते बंद करायचं बटण कुठंय? चष्मा लावून शोधतोय." आणि न्यू जर्सीचा दीर, ज्याचा रेकॉर्ड शंभर टक्के, त्याच्याबद्दल तर नंतर कळलं की 2021 पासून ॲपलचे फोन मेलमधली चित्रं स्वतःच परस्पर उघडून ठेवतात, माणसाने बघितलं काय अन् नाही काय. म्हणजे चौतीस रविवार माझं लिखाण दीर नाही, दिराचा फोन वाचत होता. पंप कंपनीबद्दल मी आता जास्त खोलात जात नाही. काही गोष्टींवर विश्वास ठेवलेला बरा.

तर हा गेला शनिवार. साडेदहा, फिल्टर, कीर्तन, मी. पाऊस नको, लोकल नको (डोंबिवलीत राहून लोकलवर लिहिणं म्हणजे माशाने पाण्यावर लिहिणं), रस्त्यावरचे खड्डे नकोत कारण त्यावर सोसायटीच्या ग्रुपवर माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे दोघं आहेत. साडेअकराला फ्रिज उघडला, विषय मिळावा म्हणून नाही, सवयीने. खालच्या कप्प्यात कढीपत्त्याची जुडी. अर्धी काळी पडलेली, रबर तसंच. आणि एकदम ट्यूब पेटली की हा कढीपत्ता मी विकत आणलाय! पाच रुपये देऊन! भाजी घेतली की वर मूठभर मिरच्या आणि कढीपत्ता टाकायचा, त्याचे पैसे कोणी घेत नव्हतं, आणि मागताना आपण पण एक खास आवाज काढायचो, हक्काचा पण जरा लाडिक. तो आवाज मी शेवटचा कधी काढला ते मला आठवेना. आणि 71 जणांत कढीपत्त्याचं नातेवाईक कोणी नाही. मी फ्रिजचं दार उघडं ठेवून यादी डोळ्यासमोरून घातली. साहेब नाहीत, काका नाहीत, सासूबाई नाहीत. रेसिपीवालेही खूश होतील. नवरा पाणी प्यायला आला तर म्हणाला, "भाजीवाल्याने वाचलं तर?" त्याला झोपायला पाठवलं.

दीड तास बसून लिहिलं, छान झालं असं माझं मत आहे, आणि 1 वाजून 18 मिनिटांनी पाठवून मोकळी झाले.

सकाळी पावणेसातला पहिलं उत्तर आलेलं, रेसिपीवाल्या अकरातल्या एका बाईंचं: "मॅडम, माहिती चांगली. पण चटणीचं प्रमाण द्यायचं राहिलं का?" पंप कंपनीने नेहमीप्रमाणे उघडलं होतं. आणि सात वाजून दहा मिनिटांनी सांगलीहून आईचा फोन.

"अगं, तुझं ते मेल रात्री एक अठराला आलंय. झोपत नाहीस काय?"

"झोपते गं. तू वाचलंस का पण?"

"वाचेन की दुपारी, पळून चाललंय काय ते. आधी सांग, एक अठरापर्यंत जागी कशाला होतीस? भांडण झालं काय?"

भांडण झालं नाही, एवढं पटवायला मला पाच मिनिटं लागली. मग ती म्हणाली बरं ऐक, तुला एक सांगायचं राहिलंय, आणि तिने मिरजेच्या एका मुंजीतलं असं काही सांगितलं की मी गॅसवरचा चहा उतू गेलेला बघत उभी राहिले पण फोन खाली ठेवला नाही. पंचवीस मिनिटं. त्यात एक कवळी आहे. एक पंगत आहे, जिलबीचं तिसरं वाढप चाललेलं आहे, आणि बारा वर्षं एकमेकांशी न बोललेले दोन सख्खे भाऊ आहेत. याच्या पलीकडे मला काही सांगता येत नाही.

कारण शेवटी आई म्हणाली, "आणि हे त्या फोडणीत घालू नकोस हं."