३३ इंची टायर टाकण्याआधी ब्रेकचा विचार करा

गाडीला मोठे टायर बसवण्याबद्दलच्या या लेखात ग्राउंड क्लिअरन्सवर (गाडीचा तळ आणि जमीन यांतलं अंतर) भरपूर लिहिलंय, पण मोठ्या टायरमुळे ब्रेकवर काय ताण येतो ते एका ओळीत उरकलंय. खरा धोका तिथेच आहे. २९ इंच व्यासावरून ३३ वर गेलात की टायरची त्रिज्या जवळपास १४ टक्के वाढते. कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) तेवढाच जोर लावतो, पण रस्त्यावर पोचणारा ब्रेकचा जोर साधारण १२ टक्क्यांनी घटतो. शिवाय टायर जड, तो फिरता थांबवायला वेगळी ताकद लागते. टायरची उंची वाढली की प्रत्येक गिअर लांब पडतो (इंजिनच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त पुढे जाते), म्हणजे उतारावर इंजिन ब्रेकिंगही, म्हणजे इंजिनच गाडीला रोखतं तेही, कमी.

मी हे वरंध घाटात अनुभवलंय. भर पावसात, गाडीत चौघं आणि सामान. महाडच्या बाजूला उतरताना पेडल हळूहळू मऊ होत गेलं, जळक्या पॅडचा वास आला. बाजूला घेऊन अर्धा तास थांबलो. नंतर उघडून पाहिलं तर ब्रेक ऑइल चहासारखं काळपट. ते हवेतली ओल शोषतं, त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि वाफ धरली की पेडल स्पंजासारखं होतं.

माझं मत, आधी ताजं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल, चांगले पॅड आणि मागच्या ड्रम ब्रेकचं अ‍ॅडजस्टमेंट. तरी पुरलं नाही तर मोठ्या डिस्क. फक्त मोठे कॅलिपर बसवले आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा भाग) जुनाच ठेवला तर पेडल खोल जातं, हे गॅरेजवाले सहसा सांगत नाहीत.