न्याय बारीक करू का?

सामाजिक न्यायाला वर्षातून किती दिवस लागतात, हे विद्यापीठात नोकरी केल्याशिवाय कळत नाही. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, २० फेब्रुवारीला जागतिक सामाजिक न्याय दिन, मार्चच्या तिसऱ्या मंगळवारी जागतिक समाजकार्य दिन, त्याच्याच आगेमागे २० मार्चला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा स्मरणदिन, मग एप्रिलात ११ आणि १४. मध्ये परीक्षा येतात म्हणून जरा उसंत. तेवढ्यात २६ जून उजाडतो. शाहू महाराजांची जयंती म्हणजे आपल्या राज्याचा सामाजिक न्याय दिन. थोडक्यात, जगाचा न्याय फेब्रुवारीत आणि महाराष्ट्राचा जूनमध्ये. जूनमध्ये पोरं गावाकडं पेरणीत असतात, त्यामुळं राज्याचा न्याय आम्ही कर्मचारी आपसातच उरकून घेतो. फेब्रुवारीत मात्र सुटका नाही.

हा फेब्रुवारीचा दिवस संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २००७ साली जाहीर केला आणि २००९ पासून तो पाळला जातो. त्या ठरावाला मान डोलावणाऱ्या एकाही देशाच्या मनात आलं नसेल की याचं पत्र फिरत फिरत मराठवाड्यातल्या एका समाजकार्य विभागात जाईल आणि तासिका तत्त्वावरच्या मास्तराच्या टेबलावर येऊन पडेल.

तो मास्तर मी. पत्रात लिहिलेलं असतं, 'सदर कार्यक्रमाचे समन्वयक म्हणून आपली नियुक्ती करण्यात येत आहे.' तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याचेच पैसे. कार्यक्रमाच्या दिवशी तास बंद. गेल्या वर्षी विषय होता 'असंघटित कामगार आणि रास्त वेतन'. प्रास्ताविक मीच केलं, आणि लोक म्हणाले, फार तळमळीनं बोललात सर. त्या दिवसाचे माझे पैसे कुणी कापले नाहीत. ते मुळात लागलेच नव्हते.

पण ही रड बाजूला ठेवू. खरी परीक्षा असते फ्लेक्सच्या दुकानात.

आमच्या विभागप्रमुखांचा, म्हणजे एचओडी सरांचा, दंडक असा की बॅनरवर कुणी राहून जाता कामा नये. त्यामुळं कुलगुरू, प्र-कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, मुंबईचे विचारवंत, एका खात्याचे वरिष्ठ अधिकारी आणि स्वतः सर, असे सगळ्यांचे फोटो घेऊन मी कॉम्प्युटरवरच्या पोराशेजारी स्टुलावर बसलो. फोटो व्हॉट्सॲपवर आलेले. कुलसचिवांचा पासपोर्ट साइजचा, अधिष्ठात्यांचा काश्मीरच्या सहलीतला, मागे शिकारा. अधिकारी साहेबांनी घरच्या लग्नातला फेट्यातला पाठवला होता. फेटा कापला तर अवमान, ठेवला तर बाकीचे बोडके दिसतात. पोरगं म्हणालं, "सर, सगळ्यायला फेटा बसवू का? दोन मिन्टाचं काम हाये." मोह झाला, पण आवरला.

मग उंची. कुलगुरूंचा फोटो मोठा, हे सर्वमान्य. प्र-कुलगुरूंचा त्याहून बोटभर लहान. अधिष्ठाता आणि कुलसचिव यांच्यात मात्र विद्यापीठ कायदाही नीट मदत करत नाही. शेवटी सरांना फोन लावला. सर म्हणाले, दोघं सारखे घ्या, पण कुलसचिव आतल्या बाजूला. असं करत करत सगळा फ्लेक्स माणसांनी भरला. वर विद्यापीठाचं बोधचिन्ह, खाली विनीत, त्याखाली स्थळ आणि वेळ. आणि मग लक्षात आलं की विषय टाकायला जागाच उरलेली नाही. पोरानं माउस थांबवला, माझ्याकडं बघितलं आणि अगदी मनापासून विचारलं,

"सर, न्याय बारीक करू का?"

कर बाबा म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

स्टेजवर खुर्च्या मावतात नऊ आणि मानाची माणसं त्याच्या दुप्पट. लग्नातल्या मानपानात निदान रुसणारा मामा कोण, हे दोन्हीकडच्यांना आधीपासून ठाऊक असतं. इथं ऐनवेळी कोण रुसेल याचा नेम नाही. आमच्या विभागात हे शास्त्र फक्त शिपाईमामांना येतं. कुठल्या दोन प्राध्यापकांमध्ये सीनियॉरिटीची केस चालू आहे, कुणाशेजारी कुणाला बसवलं तर फोटो बिघडेल, हे त्यांना तोंडपाठ. सकाळी मी स्टेजवर गेलो तेव्हा ते पाणी मांडत होते. मधल्या चार खुर्च्यांपुढं सीलबंद बाटल्या, कडेच्यांपुढं स्टीलचे ग्लास.

"मामा, असं का?"

"बाटल्या चारच पास झाल्यात, सर. मधल्यायला बाटली, कडंच्यायला गिलास."

"आणि मला?"

"तुम्ही तर हुभेच असता की."

विचारवंत देवगिरी एक्सप्रेसनं यायचे होते. मुंबईहून रात्री सुटणारी ही गाडी आमच्या भागात येते ती सगळं गाव साखरझोपेत असताना, त्यामुळं समन्वयकाला समाजाच्या आधी जागं व्हावं लागतं. गृहस्थ चांगले होते. गाडीतून उतरताच त्यांनी विचारलं, "इथली वंचितता नेमकी कुठल्या स्वरूपाची आहे?" मी म्हणालो, सर, आधी चहा घेऊ.

श्रोत्यांची सोय रासेयोनं केली. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली, ती पोरांना खेड्यात, श्रमात, लोकांत नेण्यासाठी. तिच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तासांचं काम करायचं असतं. त्यातले बरेचसे आमच्या सभागृहात टाळ्या वाजवण्यात जमा होतात. उरलेल्या खुर्च्या आमच्या एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गाच्या पोरांनी भरल्या. या पोरांचे आठवड्यातले दोन दिवस क्षेत्रकार्याचे असतात. वस्तीत जायचं, घरं फिरायची, रेशनकार्डाच्या आणि निराधार पगाराच्या भानगडी सोडवायच्या, रात्री त्याचा अहवाल लिहायचा. त्या दिवशी ती वस्तीवर निघालीच होती. त्यांना गेटवरून परत बोलावलं. समाजकार्यावरचं व्याख्यान बुडवून समाजकार्य करायला गेलात तर हजेरी कोण लावणार?

एक सांगतो. गर्दी जमवायला परिपत्रक लागतं, हे आमच्याकडच्या माणसाला खरं तर पटू नये. १४ जानेवारीला संभाजीनगरला विद्यापीठाच्या गेटवर जाऊन बघा. १९७८च्या जुलैत विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि गेटवर बाबासाहेबांचं नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या सोळा वर्षांत मोर्चे निघाले, लाठ्या पडल्या, गावोगाव घरं जळाली, माणसं जिवानिशी गेली. त्या दिवशी आजही खेड्यापाड्यांतून माणसं येतात, नव्या साडीतल्या म्हाताऱ्या, खांद्यावर पोरं घेतलेले बाप. गेटपुढं हात जोडतात, पुस्तकांच्या दुकानांवर वाकतात. हजेरीपट नाही, प्रमाणपत्र नाही. एकदा मी हे सरांना कौतुकानं सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथं समन्वयक कोण असतं?"

तर आमचा अकराचा कार्यक्रम साडेबाराला सुरू झाला. समई पेटावी म्हणून पंखे बंद केले, ते परत लावायचे राहून गेले आणि फेब्रुवारीतच एप्रिल लागला. सत्कार भाषणांपेक्षा लांबले. कुणाचा कुणाच्या हस्ते, यावर आदल्या रात्री बारा वाजेपर्यंत फोन चालले होते, तेव्हा ते लांबणारच.

विचारवंत मात्र तयारीनं आले होते. ऊसतोड कामगारांवर बोलले. "हे लोक दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेऊन घराबाहेर पडतात, कोपीत राहतात, यांची मुलं शाळेतून तुटतात," असं सगळं आकडेवारीनिशी. खोटं एक अक्षर नव्हतं. फक्त 'हे लोक' समोर बसले होते. मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. माझ्यापुढच्या रांगेतलं धारूरकडचं पोरगं शेजाऱ्याला हळूच म्हणालं, "आईला फोन करून सांगतो, तुमच्यावर भाषण चालूय. फडावर रेंज आली पाह्यजे फक्त." पुढं विषय १९२७ सालच्या महाडवर गेला. पाणी सर्वांचं, हे सांगताना पाहुण्यांना तहान लागली आणि त्यांनी बाटलीचं सील तोडलं. कडेच्या खुर्चीवरच्या मॅडमनी आपल्या ग्लासाकडं एकदा बघितलं, मग सरांकडं बघितलं. ते बघणं पुढं विभागात महिनाभर पुरलं.

शेवटी प्रश्नोत्तरं. असे प्रश्न आम्ही दोन पोरांना आधीच लिहून देतो, 'जागतिकीकरणाच्या काळात सामाजिक न्यायाची पुनर्मांडणी कशी करता येईल' या धर्तीचे. माइक त्यांच्याकडं जाईपर्यंत मधल्या रांगेतल्या एका मुलीनं तो घेतला. एमएसडब्ल्यूचं दुसरं वर्ष, सकाळची रांगोळी तिचीच होती, बोटांना गुलाबी रंग अजून तसाच.

"सर, माझा प्रश्न अधिकारी साहेबांना आहे. शिष्यवृत्तीचा हप्ता कधी पडणार? खानावळीच्या मावशी आता रोज विचारायल्यात."

सभागृहात पहिल्यांदाच खऱ्या टाळ्या पडल्या. रासेयोची पोरंसुद्धा न सांगता वाजवत होती. साहेब उठले, माइक जवळ ओढला.

"अतिशय मूलभूत प्रश्न विचारलास, बेटा. बाबासाहेबांना अशीच प्रश्न विचारणारी पिढी अपेक्षित होती. असेच प्रश्न विचारत राहा."

आणि बसले. ती उभीच होती, पुढं काहीतरी येईल म्हणून. सूत्रसंचालकानं वेळेअभावी इथंच थांबावं लागत असल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. मी आभार मानले; आभारात फ्लेक्सवरची सगळी नावं त्याच क्रमानं घेतली, कुलसचिव आतल्या बाजूला ठेवून. लगेच राष्ट्रगीत, त्यामुळं सगळेच उभे राहिले आणि तिचं उभं राहणं त्यात मिसळून गेलं.

दुसऱ्या दिवशी अहवाल. नॅकच्या, म्हणजे विद्यापीठाला श्रेणी देणाऱ्या परिषदेच्या, फाइलला जिओटॅगचे फोटो लागतात, म्हणजे कार्यक्रम झाला तो पृथ्वीवर नेमक्या कुठल्या अक्षांश-रेखांशावर, हे फोटोच्या खालच्या पट्टीत दिसलं पाहिजे. मी लिहिलं, 'विद्यार्थ्यांनी प्रश्नोत्तरात उत्स्फूर्त सहभाग घेतला.' सरांनी फोटो चाळले आणि त्या मुलीच्या फोटोवर थांबले. हातात माइक, मान ताठ, मागे आमचा फ्लेक्स.

"वा! हा मुखपृष्ठावर घ्या. विद्यार्थिनी, ग्रामीण, प्रश्न विचारतेय. सगळे निकष एकाच फोटोत."

"सर, तिच्या हप्त्याचं काय करायचं? अर्ज घेऊन आली होती सकाळी."

सरांनी फोटो जरा लांब धरला, डोळे बारीक करून खालची पट्टी वाचली.

"तो कुठं फोटोत दिसतोय?"