नक्की कुठून डिलीट करायचं?

फोटोंचा बॅकअप कधीच पूर्ण होत नाही. तो 'होतच आलेला' असतो. पडद्यावर वर्तुळ फिरत असतं आणि खाली लिहिलेलं असतं, '१ आयटम शिल्लक'. रात्री झोपताना १, सकाळी उठल्यावरही १. हजारो फोटो निमूटपणे वर, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटवरच्या साठ्यात, त्या 'क्लाउड' नावाच्या ढगात गेले, मग हा कोण अडून बसलाय म्हणून शोधायला जावं, तर ती असते खिशात चुकून चालू राहिलेल्या कॅमेऱ्यानं टिपलेली खिशाची आतली बाजू. तीही ४के, म्हणजे अतिशय स्पष्ट आणि तेवढ्याच जागाखाऊ व्हिडिओमध्ये. सेकंदाला ६० फ्रेम अशा थाटात ४के चित्रीकरण केलं की मिनिटाला साधारण ४०० एमबी लागतात. या हिशेबानं गूगलची फुकटची १५ जीबी जागा पाऊण तासाच्या आत संपते आणि ॲपलची ५ जीबी साडेबारा मिनिटांत. खिशातल्या अंधारावर उडवायला तेवढी पुरे.

फुकट ते पौष्टिक, या न्यायानं आपण सगळे यात ओढले गेलो. गूगल फोटोज २०१५ साली आलं तेव्हा म्हणाले, हवे तेवढे फोटो टाका. अट अशी, १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो थोडा आक्रसून ठेवू. आपण कशाला नाही म्हणतोय! जेवणाचं ताट काढलं, मांजर काढलं, तेच मांजर पुन्हा काढलं, कारण पहिल्यात त्यानं डोळे मिटले होते. मग १ जून २०२१ उजाडला आणि 'हवे तेवढे' बंद झालं. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांना मिळून १५ जीबी, म्हणजे तीन बिऱ्हाडांत एकच न्हाणीघर. ॲपलनं निदान आशा तरी लावली नाही. २०११ साली आयक्लाउड आलं तेव्हा ५ जीबी होती. त्यानंतर फोनचे कॅमेरे ८ मेगापिक्सेलवरून ४८वर गेले, पण ५ जीबी जागची हलली नाही.

जागा संपली की काहीतरी काढून टाकायला हवं, इथपर्यंत कुणालाही कळतं. खरी गंमत त्यापुढे आहे. काढायचं ते नक्की कुठून?

"मामा, थांब! डिलीट करू नकोस!" भाचा असा ओरडला, की माझा अंगठा हवेतच राहिला. "इथून काढलास की तिकडूनही जाईल."

"अरे, पण तिकडे ठेवलाय ना तो?"

"ठेवलाय म्हणजे सिंक केलाय. सिंक म्हणजे इकडे जे, तेच तिकडे. इकडे नाही, तर तिकडेही नाही."

"मग बॅकअप?"

"बॅकअप वेगळा."

"मग इथे 'बॅकअप सुरू आहे' असं का लिहिलंय?"

यावर भाच्यानं फोन माझ्या हातातून घेतला. तरुण पिढीला उत्तर येत नसलं की ती फोन हातात घेते.

थोड्या वेळानं त्यानं 'जागा मोकळी करा' हे बटण शोधून काढलं. ते दाबलं की वर पोचलेले फोटो फक्त फोनमधून जातात, वर राहतात. त्याच ॲपमध्ये कचरापेटीचंही चित्र आहे. ती दाबली की दोन्हीकडून जातात. आयुष्यभराच्या आठवणी आणि त्यांचा कायमचा निकाल यांत अंतर एका अंगठ्याचं, आणि माझा अंगठा चांगला रुंद आहे. तसा एकदम निकाल लागत नाही म्हणा. वर पोचलेला फोटो गूगलच्या कचरापेटीत ६० दिवस पडून असतो, आयफोनमध्ये ३०. माणसाला पश्चात्ताप व्हायला साधारण किती दिवस लागतात, यावर या दोन कंपन्यांचं एकमत झालेलं नाही. शिवाय आयफोनच्या कचरापेटीतला कचरा फोनमधली जागा खातच असतो. म्हणजे मन घट्ट करून शेकडो फोटो टाकून द्यावेत, आणि 'जागा शिल्लक नाही' ही पाटी जिथल्या तिथे!

बरं, जे जपलं जातं ते तरी कसं? काळाच्या क्रमानं, असं ॲप सांगतं. घरच्या जुन्या अल्बममधून आजोबांचा तरुणपणीचा फोटो मी फोननं टिपला. फोनच्या लेखी आजोबा परवाच जन्मले. ते आता सूटबूट घालून, गाडी कुठे लावली ते लक्षात राहावं म्हणून काढलेल्या 'बी १४' या खांबाशेजारी ऐटीत उभे आहेत. व्हॉट्सॲपवरून येणाऱ्या फोटोंची तऱ्हा आणखी निराळी. पाठवताना तो फोटो दाबून लहान केला जातो आणि कधी, कुठे काढला ही पोटातली माहिती गळून पडते. त्यामुळे एकच लग्न आमच्याकडे तीन वेगवेगळ्या महिन्यांत लागलेलं आहे. ज्यानं जेव्हा पाठवलं तेव्हा.

मग फोन चेहरे ओळखायला घेतो. दोन गोल शेजारी शेजारी दाखवून विचारतो, 'ही एकच व्यक्ती आहे का?' डावीकडे मी, केसांसकट. उजवीकडेही मी. खाली पर्याय तीन: हो, नाही, खात्री नाही. बायकोनं खांद्यावरून डोकावून 'खात्री नाही' दाबलं.

वैतागून सगळं उतरवून घ्यायला गेलो, तर त्याचीही तऱ्हाच. गूगलच्या टेकआउटमधून, म्हणजे आपला माल आपल्याला परत देणाऱ्या सोयीतून, झिप फायलींचे गठ्ठे येतात आणि फोटोंच्या जोडीला जेएसओएन नावाच्या चिठ्ठीवजा फायली. फोटोची तारीख फोटोपेक्षा त्या चिठ्ठीत नीट असते. नवरदेव एका गाडीतून आणि पत्रिका दुसऱ्या!

शेवटी भाच्यानं पीटर क्रोग या छायाचित्रकारानं रूढ केलेला ३-२-१ नियम काढला. प्रती तीन, माध्यमं दोन प्रकारची, आणि एक प्रत घराबाहेर. आग लागली, पूर आला, तरी बाहेरची वाचते. कल्पना मला एकदम पटली. एक हार्ड डिस्क घेतली, रात्रभर फोटो भरले आणि भाच्याच्याच हाती ताईकडे पाठवली. कपाटात ठेव म्हणून निरोपही दिला.

पंधरवड्यानं ताईचा फोन आला. डिस्क कपाटात गेलीच नव्हती, ती टीव्हीला जोडलेली होती. रोज रात्री जेवणं झाली की सगळे फोटो बघत बसायचे म्हणे. मी जरा सुखावलो. आमच्या घरात ते फोटो अजून कुणी उघडूनही पाहिले नव्हते.

"आणि हे बघ," ताई म्हणाली, "त्यातले माझे जे वाईट आले होते ना, ते मी काढून टाकले. फार जाड दिसत होते."

"किती काढलेस?"

"मोजते कशाला? होते ते काढले." मग जरा आवाज खाली आणून तिनं विचारलं, "आता ते सगळीकडूनच गेले ना रे?"

माझा फोन, बायकोचा फोन, लॅपटॉप, दोन ढग आणि टेकआउटचे झिप माझ्या डोळ्यांसमोरून सरकले.

"गेले," मी म्हटलं.