भिंतीतल्या भोकात टूथपेस्ट भरू नका, प्लीज

तो मेसेज परत फिरतोय, आमच्या फॅमिली ग्रुपवर एका आठवड्यात तीनदा आला. म्हणे भिंतीतलं खिळ्याचं नाहीतर ड्रिलचं भोक बुजवायला पेंटर बोलवू नका, टूथपेस्ट भरा, भोक मोठं असेल तर बेकिंग सोडा टाकून वर इन्स्टंट ग्लू सोडा, नाहीतर सरळ व्हाइट सिमेंट कालवून थापा, प्रायमर-बिमर काही लागत नाही, घरात उरलेला रंग मारा, दहा मिनिटांत भिंत नव्यासारखी. यातलं पेंटरची गरज नाही एवढं मला पटतं, घरातली भोकं मी स्वतःच बुजवते. पण बाकीचं वाचून लोक चांगल्या भिंतींची वाट लावतायत म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

आधी टूथपेस्ट. त्यात खडूसारखी पूड नाहीतर सिलिका असते, म्हणून वाळल्यावर दिसायला पुट्टीसारखीच दिसते आणि लोक फसतात. पण त्यात ग्लिसरीन नाहीतर सॉर्बिटॉलही असतं, ते पेस्ट सुकू नये म्हणूनच घातलेलं असतं, शिवाय फेस यायला साबणासारखा पदार्थ. सिमेंटसारखं घट्ट होऊन भिंतीला धरेल असं त्यात काहीच नाही. भाचीने भाड्याची खोली सोडताना डिपॉझिट कापू नये म्हणून हाच उपाय केला होता, मी मदतीला गेले तेव्हा प्रत्येक भोकावर बारीक खळगा पडलेला कारण पेस्ट आक्रसली होती, नख दाबलं तर आत रुतलं, आणि ओल्या बोटाने चोळलं तर बोटावर चक्क फेस आला! आता आपण घरात लावतो तो डिस्टेंपर काय किंवा इमल्शन काय, सगळं पाण्यातलं. ब्रश फिरला की खालची पेस्ट परत ओली होणार, रंग धरणार कशाला?

बेकिंग सोडा आणि ग्लूचं उलट आहे, ते दगड होतं. मग त्रास असा की आजूबाजूचा गिलावा त्याच्यापेक्षा मऊ, पॉलिश पेपर घासायला गेलं की गिलावा झिजतो आणि मधलं टेंगूळ तसंच राहतं. घट्ट होताना ते गरम होतं, वाफ डोळ्यानाकाला झोंबते. काही व्हिडिओत तर भोकात कापूस कोंबून त्यावर ग्लू सोडतात. हे अजिबात करू नका, कापसावर तो ग्लू पडला की इतका तापतो की धूर येतो, बोट भाजतं. लहान मुलं असलेल्या घरात हे कोणी करत असेल या विचारानेच मला धडकी भरते.

व्हाइट सिमेंटचा मुद्दा अर्धा बरोबर आहे आणि इथे जरा थांबायला हवं. आपण दुकानातून आणतो ती वॉल पुट्टी बहुतेकदा व्हाइट सिमेंटचीच असते, पण त्यात पॉलिमर असतं आणि ते चिकटायला मदत करतं. नुसतं व्हाइट सिमेंट कोरड्या भिंतीत भरलं तर भिंत त्यातलं पाणी शोषून घेते, मग ते नीट सेट होत नाही, कडेने केसासारखी भेग जाते आणि आतून भुगा निघतो. खरं तर काय भरायचं ते भोकाच्या खोलीवर ठरतं. खिळ्याचं भोक असेल तर पुट्टीचा एक हात पुरे. 8 मिलिमीटरच्या ड्रिलचं असेल तर आधी आतला रॉल प्लग, म्हणजे स्क्रू धरायला बसवलेली प्लास्टिकची नळी, काढा, त्यात स्क्रू दोन आटे फिरवायचा आणि पकडीने ओढायचा, बाहेर येतो. मग सुटलेले पोपडे खरवडा, भुगा ब्रशने झाडून काढा आणि ओल्या ब्रशने आतून भिजवा. मेसेजमध्ये हे अक्षरही नाही आणि भरलेलं गळून पडतं ते बहुतेक वेळा धुळीमुळेच. पुट्टी कणकेसारखी घट्ट मळून दाबून भरायची, पृष्ठभागापेक्षा किंचित आतच ठेवायची, दुसऱ्या दिवशी ती थोडी बसलेली दिसेल तेव्हा पुट्टीच्या पत्र्याने वरून पातळ हात.

आणि जुना स्विचबोर्ड काढला, एसीचा पाइप काढला, असं मूठभर भोक असेल तर तिथे नुसती पुट्टी कोंबू नका, ती पातळ थरासाठी असते. आधी सिमेंट-वाळू 1:4, भिंत कोरडी असेल तर पीओपी चालतं पण ते दहा-पंधरा मिनिटांत आवळतं म्हणून थोडं थोडंच कालवा. बाथरूमच्या भिंतीला पीओपी नको.

प्रायमर लागत नाही म्हणे. ताजी पुट्टी रंग पिते, दोन हात मारले तरी तेवढाच डाग निस्तेज राहतो आणि संध्याकाळी ट्यूबच्या तिरप्या उजेडात बरोब्बर दिसतो. उरलेला रंग डब्यात तसाच असतो पण भिंतीवरचा चार वर्षांत उतरलेला असतो, त्यामुळे नुसता टचअप बहुतेक वेळा दिसतोच, भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकदा रंगवणं बरं.

दहा मिनिटं हेही खोटंच, हाताचं काम अर्ध्या तासाचं पण वाळायला मिळून दोन दिवस धरा. आणि भोक आतून ओलसर लागलं किंवा कडेला पांढरा लोणा, म्हणजे ओलीमुळे येणारा मिठासारखा थर, आला असेल तर काहीच भरू नका, आधी पाणी कुठून येतंय ते शोधा.

ज्यांनी टूथपेस्ट भरून ठेवलीय त्यांनी घाबरू नका. स्क्रूड्रायव्हरने सगळी उकरून काढा, ओल्या फडक्याने आतून पुसत राहा, फडक्यावर फेस यायचा थांबेपर्यंत. मग एक दिवस पूर्ण वाळू द्या आणि त्यानंतरच पुट्टी कालवा.