‘हात केला’ म्हणजे नेमकं काय केलं?

परवा चौदावा प्रयोग झाला, घरी येऊन जेवले, आडवी झाले आणि झोपच लागेना, म्हणून लिहायला बसलेय. पोस्ट लांबणार आहे, सवडीने वाचा.

गेलं वर्षभर मी एका नाटकात आरोपी आहे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला जाणारी बाई, माहेर चंदगडकडचं, कानडी एक अक्षर येत नाही. वखारीतला मुकादम पोत्यांच्या थप्पीवरून पडून मेला, त्या वेळी वर त्याच्याजवळ ही एकटीच, आणि त्याच सकाळी मजुरीवरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालेलं. तिने ढकललं की तो घसरला हे नाटकात कुठेच सांगितलेलं नाही. तिकिटाचे अर्धे तुकडे डब्यात टाकून नऊ जणांना बोलावतो, ते स्टेजवर पंच म्हणून बसतात, सगळ्या साक्षी ऐकतात, शेवटी माईकवर सगळ्यांच्या देखत आपसात बोलतात आणि हात वर करून निकाल देतात. दोन शेवट बसवलेत, कुठला करायचा ते मलाही त्याच क्षणी कळतं.

ही पद्धत काही आम्ही काढलेली नाही. ब्रॉडवेवर १९३५ साली आयन रँडच्या ‘नाइट ऑफ जानेवारी सिक्स्टीन्थ’मध्ये प्रेक्षकांतूनच ज्युरी बसवायचे आणि त्यालाही दोन शेवट होते. नऊ हा आकडा मात्र आमच्या सरांनी, म्हणजे दिग्दर्शकांनी, नौदल अधिकारी नानावटींवरच्या खुनाच्या खटल्यावरून घेतला. १९५९ मध्ये मुंबईत त्या ज्युरीत नऊ जण होते, त्यातल्या आठ जणांनी ‘निर्दोष’ म्हटलं, सेशन्स जज्जना ते पटलं नाही, त्यांनी केस हायकोर्टाकडे पाठवली, तिथे शिक्षा झाली आणि १९६१ ला सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. बेळगावात प्रयोगाला वकील मंडळी बरीच येतात आणि दर वेळी कोणीतरी म्हणतंच की अहो आपल्याकडे ज्युरी आता कुठाय, म्हणून आता पडदा उघडायच्या आधीच आम्ही हे सगळं सांगून टाकतो.

आपल्याकडे कोर्टाचं नाटक म्हटलं की पहिला आठवतो तो लखोबा लोखंडे. १९६२ चं अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’, पणशीकरांचा लखोबा, आणि तो कुठला तर आमच्या निपाणीचा, तंबाखूचा व्यापारी! माझ्या वडिलांना त्यातले उतारेच्या उतारे पाठ होते. पण त्याच तंबाखूवर ज्यांचे हात झिजले त्या वखारीतल्या बाया पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या मी तरी कधी स्टेजवर बघितल्या नव्हत्या. सरांनी गोष्ट सांगितली तेव्हा मी लगेच हो म्हटलं ते ह्याच्यासाठी.

आता पहिल्या प्रयोगाचं सांगते. मी रडले. खूप रडले, पंचांकडे बघून रडले, एका ताईंच्या डोळ्याला पाणी आलं ते मला दिसलं तसा आणखी जोर लावला. नऊ विरुद्ध शून्य, निर्दोष. लोक आत येऊन भेटले, फोटो काढले, मी हवेत होते. सर सगळे जाईपर्यंत गप्प बसले आणि मग म्हणाले, “तू मत मागितलंस. त्यांना ऐकायला बसवलेलं, तू त्यांना ऐकूच दिलं नाहीस.” लागलं ते मला. दोन दिवस मी फोन उचलला नाही त्यांचा. पण खरं होतं, दुभाष्याचा पूर्ण सीन माझ्या हुंदक्यात बुडाला होता आणि ह्या नाटकाचा जीव त्याच सीनमध्ये आहे.

तर तो सीन. मुख्य साक्षीदार हमाल आहे, तो कन्नडमध्ये साक्ष देतो. आरोपीला न कळणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती तिला कळेल अशा भाषेत उघड कोर्टात समजावून सांगायची असा कायदाच आहे, जुन्या संहितेत कलम २७९ होतं आणि नव्यातही ती तरतूद आहे. म्हणून दुभाषी उभा राहतो. हमाल सांगतो, “आकि कै माडिद्ळु, अंव बिद्द.” दुभाषी मराठीत सांगतो, “हिने हात उगारला, तो पडला.”

मला कन्नड येतं. शाळेत शिकले, पतसंस्थेत काउंटरवर बसते तिथे दिवसभर दोन्ही भाषा चालतात. पण त्या बाईला येत नाही, म्हणजे हमाल बोलल्यापासून दुभाषी तोंड उघडेपर्यंत माझ्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटता कामा नये. समोर अर्ध्या हॉलला आधीच कळलेलं असतं, खुर्च्या करकरतात, कोणीतरी “आई गं” म्हणतं, आणि जिच्या जन्माचा प्रश्न आहे ती एकटी अडाण्यासारखी ह्याच्या त्याच्या तोंडाकडे बघत उभी. हे चार पाच सेकंद मला सगळ्या नाटकात सगळ्यात जड जातात. सुरुवातीला मी नुसता चेहरा कोरा ठेवायचे, ते खोटं वाटायचं. मग लक्षात आलं की भाषा न येणारी माणसं कोरी नसतात, उलट जास्त बघत असतात, बोलणाऱ्याचा हात, मान, आवाज कुठे चढला. काउंटरवर कन्नड फॉर्म हातात घेऊन उभ्या राहिलेल्या आमच्याच म्हाताऱ्या बायका मी रोज बघते की! त्यांच्याकडून उचललं ते.

आणि खरी गोम त्या भाषांतरात आहे. ‘कै माडु’ म्हणजे अंगावर हात टाकणं पण होतं आणि हाताने खूण करणं पण होतं. आपल्याकडे पण एसटीला हात केला म्हणतोच ना, तसंच. दुभाष्याने त्यातला एकच अर्थ उचलला. नाटकात कोणी ह्याच्यावर बोट ठेवत नाही, मुद्दामच ठेवत नाही. गडहिंग्लजला प्रयोग केला तेव्हा पंचांनी “हात उगारला” हेच धरलं, सहा जण दोषी, संपला विषय, त्यांची काही चूक नाही, त्यांना मूळ वाक्य कळायला मार्गच नव्हता. बेळगावात मात्र एक काका पंच म्हणून बसलेले, कन्नड बोलणारे, ते माईक घेऊन म्हणाले, “नाही नाही, त्यो तसं बोलला न्हाई हां, हात केली म्हणला त्यो.” आणि मग जे काही पेटलं! मराठीत, कन्नडमध्ये, मध्येच हिंदीत, हॉलमधनं पण लोक बोलायला लागले. आठ मिनिटं ठेवलेली चर्चा बावीस मिनिटं चालली. एरवी भाषेवरून आमच्याकडे काय काय होतं ते मी नव्याने सांगायला नको, आणि कोर्टाच्या निकालाची वाट बघणं म्हणजे काय तेही नको, सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. पण त्या बावीस मिनिटांत दोन्ही भाषांची माणसं एका बाईला न्याय मिळावा म्हणून एका क्रियापदावर भांडत होती. मी पिंजऱ्यात उभी राहून ते ऐकलं. माझ्यासाठी नाटक ह्याच्यासाठीच करायचं असतं.

म्हणून जेव्हा एका स्पर्धेत परीक्षकांनी “प्रेक्षकांना वर बोलावणं हा नुसता स्टंट आहे, हे नाटक नव्हे” असा शेरा मारला तेव्हा मला फार वाईट वाटलं. स्टंट कधी होतो सांगू का? एका गावात आयोजकांनी ऐन वेळी सांगितलं की पंचांच्या खुर्च्यांवर प्रमुख पाहुणे बसतील, तिकिटाचे तुकडे वगैरे काढू नका, बरं दिसत नाही. आम्ही मान्य केलं, करायला नको होतं. नऊच्या नऊ जण शाल नारळ घेऊन बसले, दोघं फोनवर, साक्षी चालू असताना एक जण उठून गेले, त्यांच्या जागी दुसरे आले, आणि चर्चेला दीड मिनिट. “बाईमाणूस आहे, सोडून द्या.” सुटले मी. इतकं अपमानास्पद मला शिक्षा झाली तेव्हाही कधी वाटलं नाही. त्यानंतर आम्ही ठरवलं, तुकडा निघेल तोच पंच, नाहीतर प्रयोग नाही. दोन सुपाऱ्या गेल्या त्याच्यामुळे, जाऊ देत.

आणि परवा निपाणी. तुकडा निघाला एका आजींचा, सत्तरीच्या तरी असतील, नातीने हाताला धरून वर आणलं. पूर्ण वेळ पदर तोंडाला लावून बसल्या होत्या, मला वाटलं झोपल्या. चर्चेत सगळे त्याच वळणावर आले, उगारला की खूण केली, तर ह्यांनी माईक न घेताच बोलायला सुरुवात केली, नातीने तो तोंडाशी धरला. “वरनं पोतं सोडायचं म्हंजे आदी खालच्याला हात करतात. न्हाईतर खालचा मरंल की! मी तीस वर्सं क्येलंय. थप्पीवरच्या बाईनं हात क्येला, ह्येच्यात काय इचारायचंय?”

हॉल एकदम गप्प. आम्ही कोणीही हा विचार केलेला नव्हता. सरांनी नाही, लिहिणाऱ्याने नाही, आणि वर्षभर ती बाई होऊन उभी राहिलेल्या मी पण नाही. तिला तेव्हा पोतं सोडायचं होतं, खाली कोणीतरी असणार, हे आमच्या डोक्यातच आलं नाही, कारण आम्ही त्या थप्पीकडे फक्त खुनाची जागा म्हणून बघत होतो, कामाची जागा म्हणून बघितलंच नाही. सात विरुद्ध दोन, निर्दोष.

प्रयोगानंतर आजी विंगेत आल्या. म्हणाल्या, “खरं सांग, ढकललीस व्हय?” सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं, तू मनाशी एक काय ते ठरव आणि कोणाला सांगू नको, नवऱ्यालाही नाही. मी ठरवलेलं आहे आणि अजून कोणाला सांगितलेलं नाही. मी गप्प राहिले. त्यांनी माझा उजवा हात धरला, उलटा केला, अंगठ्याने तळवा चाचपला आणि म्हणाल्या, “ह्या हातानं तंबाकू चाळली न्हाईस तू कवा.” मग माझा हात वर नेला, कोपरात थोडा वाकवला, पंजा खाली वळवला आणि दोनदा हलवला. “असा करायचा. सरळ वर न्हाई करायचा, खालच्याला दिसत न्हाई.”

पुढचा प्रयोग खानापूरला आहे. सकाळपासून आरशासमोर तोच हात करून बघतेय.