हात मिळवायचा नव्हता, तर खेळलो कशाला?

आशिया चषकातल्या दुबईच्या त्या भारत-पाकिस्तान सामन्यानंतर दोन-तीन दिवसांनी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बी विंग विरुद्ध सी विंग अशी मॅच होती. टेनिस बॉल, स्टंपांच्या जागी भिंतीवर खडूच्या तीन रेघा, आणि तळमजल्यावरच्या काकूंच्या ॲक्टिव्हाला बॉल लागला की आउट. बी विंग जिंकली. एरवी मॅच संपली की ही पोरं टीव्हीत बघून शिकल्याप्रमाणे ओळीनं हात मिळवतात, आणि जाता जाता चिमटेही काढतात. त्या दिवशी सी विंगची पोरं हात पुढे करून उभी, आणि बी विंगचा अकरा वर्षांचा कॅप्टन बॅट काखेत मारून सरळ लिफ्टकडे चालता झाला. मी विचारलं, काय रे, भांडण झालं का? तर म्हणाला, "नाही काका, आता असंच असतं."

आधीच सांगून टाकतो, म्हणजे कमेंटमध्ये कुणाचा वेळ जायला नको. 14 सप्टेंबर 2025 ला मीही टीव्हीसमोरच होतो. पाकिस्तानच्या 127 धावा, आपण सात गडी राखून जिंकलो, सूर्यकुमारनं सिक्स मारून सामना संपवला, पाकिस्तानच्या खेळाडूंशी हात न मिळवता शिवम दुबेला घेऊन तसाच आत गेला आणि ड्रेसिंग रूमचं दार लागलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? पहलगाममध्ये 26 माणसं मारली, त्यातली सहा आपल्या महाराष्ट्रातली. तिघं डोंबिवलीचे, एक पनवेलचे, दोघं माझ्या पुण्याचे. बरं वाटणारच.

पण दार लागायच्या आधी तीनेक तास आपण त्यांच्याशीच खेळत होतो, त्याचं काय?

मारल्या गेलेल्यांच्या घरच्यांपैकी काहींनी उघड सांगितलं होतं, हा सामना खेळू नका. खेळून झाल्यावर हात मिळवू नका, असं काही त्यांचं मागणं नव्हतं. सरकारनं ऑगस्टमध्येच धोरण जाहीर केलं होतं: पाकिस्तानशी दोन देशांची मालिका नाही, पण अनेक देशांची स्पर्धा असेल तर खेळायचं. ठीक आहे, त्यामागेही काही हिशोब असेल. आशिया चषकाचं यजमानपद मात्र आपल्याच बोर्डाकडे होतं. दोन्ही देश एकाच गटात, आणि वेळापत्रक असं की सगळं जुळून आलं तर तीनदा गाठ पडावी. पडलीच. 14, 21 आणि 28 सप्टेंबर, तिन्ही रविवार. असा योग पंचांगात सापडत नाही, तो जाहिरातींच्या दरपत्रकात सापडतो.

माझं भांडण आहे ते इथं. खेळात राजकारण आणू नका, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. राजकारण खेळात पहिल्यापासून आहे आणि काही वेळा ते असायलाच हवं. आमचे बाबा 1974 ची गोष्ट सांगतात. टेनिसच्या डेव्हिस कपच्या उपांत्य फेरीत आपण सोव्हिएत संघाला हरवलं, तेही इथं पुण्यात. त्याआधी कोलकात्यात ऑस्ट्रेलियाला लोळवलं होतं. विजय अमृतराज तेव्हा वीस वर्षांचा, आनंद त्याच्याहून मोठा, दोघंही फॉर्मात. अंतिम फेरीत समोर दक्षिण आफ्रिका. वर्णद्वेषी राजवटीशी खेळायचं नाही, असं आपल्या सरकारनं ठरवलं आणि आपण खेळलो नाही. एकही चेंडू न मारता कप त्यांना मिळाला. आजही त्या वर्षाच्या विजेत्यांत त्यांचंच नाव आहे. त्यानंतर 1987 मध्ये आपण पुन्हा अंतिम फेरीत गेलो, स्वीडनकडून हरलो, आणि डेव्हिस कप भारतात आजवर आलेला नाही. बाबा टेनिसवेडे. ही गोष्ट सांगताना अजून त्यांच्या तोंडून "च्च" असा आवाज निघतो. पण निर्णय चुकला, असं त्यांनी आजवर एकदाही म्हटलेलं नाही.

याला म्हणतात बहिष्कार. पदरचं काहीतरी गेलं पाहिजे. दुबईत आपलं काय गेलं? गुण मिळाले, पैसे मिळाले, वर शौर्यही मिळालं. त्याच वर्षी जुलैमध्ये इंग्लंडमध्ये निवृत्त खेळाडूंची लेजंड्स स्पर्धा झाली. तिथं आपल्या संघानं पाकिस्तानशी साखळी सामना खेळला नाही, आणि उपांत्य फेरीत पुन्हा तेच समोर आले तेव्हा सरळ सामना सोडून दिला. पाकिस्तान फुकटात अंतिम फेरीत गेला. स्पर्धा लहान, मान्य. पण त्यांनी काहीतरी सोडलं.

पलीकडची बाजू काही धुतल्या तांदळाची नाही. 21 तारखेला साहिबझादा फरहाननं अर्धशतक झाल्यावर बॅटीची बंदूक करून दाखवली, हारिस रौफनं प्रेक्षकांना विमान पडल्याच्या खुणा केल्या. शिसारी आली. अंतिम सामन्यानंतर आपण मोहसीन नक्वींच्या हातून चषक घेतला नाही, ते मला पूर्ण पटलं. तो माणूस आशियाई क्रिकेट परिषदेचा अध्यक्ष, पाकिस्तान बोर्डाचा अध्यक्ष आणि वर त्या देशाचा गृहमंत्री. राजकारण्याला नाही म्हणणं वेगळं आणि आपल्यासारखंच घामानं भिजलेल्या खेळाडूला नाही म्हणणं वेगळं. नक्वी चषक घेऊन निघून गेले आणि आपल्या पोरांनी हवेतला चषक उचलून फोटो काढले, तो सगळ्या स्पर्धेतला एकमेव विनोदी प्रसंग. (आपल्याकडे क्रिकेट आणि गृहखातं यांचं नातं काय, हे मी कशाला सांगू? आयसीसीचे अध्यक्ष कोणाचे चिरंजीव आहेत, ते सगळ्यांना ठाऊक आहे.)

राज्यकर्त्यांना जेव्हा जे हवं ते क्रिकेटच्या तोंडून वदवून घेतात. 2004 च्या पाकिस्तान दौऱ्याआधी वाजपेयींनी बॅटवर लिहून दिलं, 'खेल ही नहीं, दिल भी जीतिए'. 2025 मध्ये अंतिम सामना जिंकल्यावर पंतप्रधानांनी मैदानावरच्या ऑपरेशन सिंदूरचा ट्वीट केला. बॅट तीच, मजकूर वेगळा.

आणि आपण प्रेक्षक? 1999 च्या जानेवारीत चेन्नईत सचिननं दुखऱ्या पाठीनिशी 136 केले, तरी आपण 12 धावांनी हरलो, आणि चेपॉकनं उभं राहून पाकिस्तानला टाळ्या दिल्या. पुढच्याच महिन्यात ईडनवर सचिन शोएबला धडकून रनआउट झाला, दंगा झाला, शेवटी स्टँड रिकामे करून मॅच संपवावी लागली. देश तोच, महिनाही जेमतेम एकच उलटलेला. मी यातल्या कुठल्या गर्दीत असतो, हे मला आजही छातीठोक सांगता येत नाही.

तर, आमचा कॅप्टन. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटला. म्हटलं, हात मिळवायचा नव्हता तर त्यांच्याशी खेळलास कशाला? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मला व्यवहारातलं काहीच कळत नाही.

"बॉल त्यांचा होता ना काका."